दगडू, धोंडू आणि नकुशी : मराठी कुटुंबातील बालकांविषयीचे आचार व नावांची साक्ष

महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाची साधने विपुल असली तरी पाच वर्षांखालील मुलाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती त्यांतून फारसे काही लागत नाही. बखरी आणि पत्रव्यवहार यांत राजघराण्यातील व सरदारांच्या पुत्रजन्माची वार्ता आढळते. महसुली कागदपत्रांत जमीन, वतन व कर्ज यांचा तपशील सापडतो. परंतु सामान्य कुणब्याच्या, कारागिराच्या किंवा भिक्षुकाच्या घरी जन्मलेले मूल या साधनांच्या जाळ्यातून निसटून जाते. ते वतनदार नसते, ऋणको नसते आणि साक्षीदारही नसते. पुढे इंग्रजी अमलात गावोगाव जन्ममृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या. पण त्यांतील कित्येक नोंदींत अमक्यास मुलगा झाला किंवा मुलगी झाली एवढेच लिहिलेले असते, मुलाचे नाव नसते. कारण वर्दी देण्याच्या वेळी मुलाचे नाव बहुधा ठेवलेलेच नसे.

ही रिकामी जागा केवळ नोंद करणाऱ्याच्या निष्काळजीपणाची द्योतक नव्हे. नवजात बालक कुटुंबाचे घटक केव्हा मानावे, याविषयी समाजाचे काही निश्चित संकेत होते आणि ते आचारांतून व्यक्त होत असत. कागद जेथे मुके आहेत तेथे हे आचार व त्यांच्यापासून निघालेली नावे हीच साधने मानावी लागतात. प्रस्तुत लेखात या साधनांची साक्ष कितपत भरवशाची आहे आणि तीतून कोणता निष्कर्ष निघतो, याचा विचार केला आहे.

या विषयावरील लिखित माहिती तीन प्रकारची आहे. पहिली धर्मशास्त्राची. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडात (१९४१) संस्कारांचे साक्षेपी विवेचन आहे. दुसरी सरकारी संकलनांची. पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये (१८८५) जन्मविषयक चालीरीती जातवार दिल्या आहेत. तसेच नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी जमविलेल्या सामग्रीच्या आधारे एंथोव्हेन यांनी कोकणातील लोकाचारांविषयीचे टिपण १९१५ साली आणि मुंबई इलाख्याच्या लोकाचारांवरील ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध केला. तिसरी स्त्रियांच्या आत्मकथनांची. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाली, ती यांत अग्रगण्य होत. पैकी जॅक्सन यांच्या प्रश्नांना उत्तरे पाठविणारे बहुतेक शाळामास्तर होते. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषांचा वावर नसे. तेव्हा तेथील आचारांची ही वर्णने बहुतांशी ऐकीव आहेत, हे ध्यानात ठेवूनच ती वापरली पाहिजेत.

धर्मशास्त्राने सांगितलेला क्रम सुपरिचित आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायाप्रमाणे नामकरण दहाव्या किंवा बाराव्या दिवशी, निष्क्रमण चौथ्या महिन्यात, अन्नप्राशन सहाव्या महिन्यात व चूडाकर्म पहिल्या किंवा तिसऱ्या वर्षी करावे. मुलींचे हेच संस्कार अमंत्रक करावेत, असेही तेथे सांगितले आहे. याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायातील आशौचाचे नियम इतिहासाच्या दृष्टीने अधिक बोलके आहेत. चूडाकर्म होण्यापूर्वी मूल वारल्यास एका रात्रीचे आशौच व ते झाल्यानंतर वारल्यास तीन रात्रींचे. दोन वर्षांच्या आतील मृत बालकास अग्नी न देता गावाबाहेर पुरावे, असा हा विधी आहे. म्हणजे मुलाच्या मृत्यूचे सुतक किती पाळावे हे त्याचे जावळ निघाले की नाही यावर अवलंबून होते. बालकाचे कुटुंबातील स्थान जन्माबरोबर पूर्णत्वाने सिद्ध होत नसे, ते पायरीपायरीने सिद्ध होई, असाच याचा अर्थ आहे.

घरातील स्त्रियांचा क्रम याहून निराळा होता. त्याचा प्रारंभ पाचवीच्या पूजेने होई. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भविष्य लिहिते, या समजुतीने पाटा पुजून त्याच्याजवळ कोरा कागद, दौत व लेखणी ठेवीत. दिवा विझू देत नसत आणि बायका जागरण करीत. या जागरणास वैद्यकाच्या अंगानेही एक संदर्भ आहे. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे अर्भकास होणारा धनुर्वात बहुधा जन्मानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात, विशेषतः पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे, प्रकट होतो. पाचवी-सहावीचा आचार याच कारणाने निर्माण झाला, असे म्हणण्यास पुरावा नाही. परंतु ज्या रात्री सर्वाधिक भयाच्या असत त्याच जागविल्या जात, ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

बाराव्या दिवशी बारसे होई. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगावयाचे, बायकांनी बाळास पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती द्यावयाचे आणि जमलेल्यांना घुगऱ्या वाटावयाच्या, असा हा सोहळा असे. काही घरांत बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याशी मान देत. बाळ दगडासारखे टणक व्हावे, हा त्यामागील भाव. पुढे मामाच्या हातून उष्टावण, जावळ, सोनाराकडून कान टोचणे आणि संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंतच्या काळात हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण, असा हा क्रम चाले. यांत विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पाचवी, सटवी, बारसे व बोरन्हाण हे आचार मुलगा व मुलगी या दोघांचेही होत. उष्टावणास मुलाला सम आणि मुलीला विषम महिना पाहत, एवढाच काय तो भेद. शास्त्राने मुलीच्या वाट्याचे मंत्र काढून घेतले. माजघराने तिला पाळणा मात्र दिला.

हे टप्पे इतक्या काळजीने का मोजले जात, याचे उत्तर त्या काळच्या कुटुंबांकडे पाहिले असता मिळते. १८९१ साली जन्मलेले डॉ. भीमराव आंबेडकर हे आपल्या मातापित्यांचे चौदावे अपत्य. त्या चौदांपैकी पाचच जगली. पुढे भीमराव व रमाबाई यांना झालेल्या पाच अपत्यांपैकी यशवंत तेवढे वाढले. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसच जगला, म्हणजे प्रचलित रीतीप्रमाणे बारशाचा दिवस त्याने पाहिलाच नाही. आनंदीबाई अमेरिकेत जाऊन १८८६ साली वैद्यकीय पदवीधर झाल्या आणि त्यांनी आपल्या प्रबंधास विषय निवडला तो हिंदूंमधील प्रसूतिशास्त्राचा.

व्रतांच्या कहाण्यांतही हेच भय आहे. श्रावणातील शुक्रवारी जिवतीचा कागद भिंतीवर लावून आया मुलांचे औक्षण करीत आणि मूल परगावी असल्यास चारी दिशांना अक्षता टाकीत. पिठोरी अमावास्येची कहाणी तर दरवर्षी अपत्य दगावणाऱ्या सुनेची आहे. सासऱ्याच्या श्राद्धाच्याच दिवशी तिची मुले मरतात, म्हणून घरचे तिला मेलेल्या मुलासह रानात हाकलून देतात. कहाणीचा शेवट गोड होतो. परंतु तिचा आरंभ एक कठोर सामाजिक वस्तुस्थिती नोंदवितो. मूल गेल्याचा दोष आईच्या माथी येई. तेव्हा या व्रतांत केवळ वात्सल्य नव्हते, आईच्या स्वतःच्या घरातील आसऱ्याचाही प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर नावांचा विचार केला पाहिजे. दगडू, धोंडू, केरू, कचरू, उकिर्डा, भिकू ही नावे एकेकाळी सर्वत्र आढळत. आधीची मुले दगावलेली असली म्हणजे नव्या बाळास उकिरड्यावर ठेवून उचलून आणीत, किंवा दुसऱ्याच्या ओटीत घालून भिक्षा म्हणून परत घेत. मुलाचे नाक टोचून त्याचे नाव नथू ठेवीत. मृत्यूने किंवा दृष्ट लावणाऱ्याने लोभ धरू नये म्हणून मोलाची वस्तू कवडीमोलाची भासविण्याची ही युक्ती होती.

यावर एक आक्षेप संभवतो. शूद्राचे नाव जुगुप्सित असावे, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. तेव्हा ही नावे वरच्या वर्णांनी लादलेल्या हीनत्वाची चिन्हे का मानू नयेत? काही बाबतींत ती तशी असतीलही. दुसऱ्याने तुच्छतेने मारलेली हाक पुढे नाव म्हणून रूढ झाल्याची शक्यता कोणत्याही दलित वस्तीच्या बाबतीत नाकारता येत नाही. तथापि या एकाच कारणाने सर्व नावांची उपपत्ती लागत नाही. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) व स्त्रीशिक्षणाचे पुरस्कर्ते धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) हे दोघेही ब्राह्मण होते. या व्यक्तींच्या घरी काय घडले होते, हे केवळ नावावरून सांगता येणार नाही. आजोबांचे नाव नातवाला देण्याच्या प्रघातामुळे भय सरल्यावरही नाव टिकून राहते. पण ही नावे जातीची मर्यादा ओलांडून सर्व थरांत पसरली होती, एवढे त्यावरून निश्चित होते. बालमृत्यू ब्राह्मणाच्या घरीही होताच.

मृत्यूच्या एका मोठ्या कारणावर उपाय सापडला, त्याचे नावही असेच उद्बोधक आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टॉल या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. भारतातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. १८८० साली लसीकरणाचा कायदा झाला. लोकांनी रोगाला ‘देवी’ म्हटले आणि टोचण्याला ‘देवी काढणे’ म्हटले. शीतळेच्या सप्तमीस चूल न पेटविता शिळे अन्न खाणारे घरच पुढे मुलाला देवी काढावयास नेऊ लागले. जुन्या आचाराला बाहेर न घालविता नव्या उपायाने त्याच्या शब्दांत आपली जागा केली. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण आढळला नाही व १९८० साली जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे घोषित करण्यात आले. महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचे प्रमाण २०२० च्या नमुना नोंदणीप्रमाणे हजारी १६ इतके खाली आले. या प्रदीर्घ बदलाबरोबरच नव्या पिढीतून दगडू व कचरू ही नावे मागे पडली. नागरी राहणी, शिक्षण व नावांची बदललेली अभिरुची यांचाही त्यात वाटा आहेच. परंतु ज्या भयाने ती नावे ठेवविली ते भय ओसरल्यावाचून केवळ अभिरुचीने ती इतकी सहज गेली नसती.

एक नाव मात्र गेले नाही. ते म्हणजे नकुशी, अर्थात नको असलेली. वरवर पाहता दगडू व नकुशी ही एकाच जातीची नावे वाटतात, कारण दोन्ही तुच्छतादर्शक आहेत. वस्तुतः त्यांचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. दगडू म्हणणारी आई मुलाचे मोल मृत्यूपासून लपविते. नकुशी म्हणणारे कुटुंब मुलीला मोल नाही, असे उघड सांगते. पहिल्या नावात प्रार्थना आहे ती याच मुलासाठी. दुसऱ्यातही प्रार्थना आहे, पण ती पुढच्या, अजून न जन्मलेल्या मुलासाठी. त्यामुळे बालमृत्यू घटल्याने पहिले नाव मावळले तरी दुसऱ्याला धक्का लागला नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींची नावे समारंभपूर्वक बदलण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली ८९४ होत्या. २००१ साली त्या ९१३ होत्या. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा या राज्याने देशात सर्वप्रथम, १९८८ सालीच केला होता, हे लक्षात घेता या आकड्यांचे गांभीर्य अधिकच जाणवते. जुन्या काळी जिचे नाव नकुशी ठेवले जाई तिचे बारसे तरी झालेले असे. नव्या साधनांनी नकोसेपण पाळण्याच्याही अलीकडे आणून ठेवले.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली पद्धतीविषयीची. नावे व आचार ही साधने म्हणून वापरताना त्यांचे वर्गीकरण बाह्य रूपावरून करून चालणार नाही. लादलेले नाव, जपणारे नाव आणि नाकारणारे नाव हे तीन प्रकार निरनिराळे ओळखले पाहिजेत. जुन्या प्राथमिक शाळांची जनरल रजिस्टरे व गावांची जन्ममृत्यूची पुस्तके एकत्र ठेवून, एखाद्या तालुक्यात कोणते नाव कोणत्या दशकात कोणत्या अपत्यक्रमाला मिळाले हे तपासले, तर या वर्गीकरणाची कसोटी लागू शकेल. दुसरी गोष्ट निष्कर्षाविषयीची. मूल जगण्याची शाश्वती वाढणे आणि मूल हवेसे होणे या एकाच प्रगतीच्या दोन बाजू आहेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. मराठी कुटुंबातील नावांची साक्ष या गृहीताच्या विरुद्ध आहे. मृत्यूचे भय वैद्यकाने घालविले. नकोसेपण घालविणे हे वैद्यकाचे काम नव्हते, आणि ते ज्यांचे काम होते त्या कुटुंबाने व समाजाने ते अद्याप पुरे केलेले नाही.