मुक्कामाचा परवाना आणि त्याचे शुल्क

धुळे-सोलापूर महामार्गावर, बीड तालुक्यात, मांजरसुंबा हे फाट्याचे गाव आहे. येथून एक रस्ता पाटोद्याकडे, दुसरा केज-अंबाजोगाईकडे जातो. मन्मथस्वामींचे कपिलधारही जवळच. अशा ठिकाणी मुक्कामाची सोय करणाऱ्याकडून सरकारने पैसे घ्यावेत काय, आणि घेतले तर कशासाठी, हा वाद दीडशे वर्षांचा आहे.

१८६७ च्या सराय कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील सरायांची नोंद सक्तीची केली, तीही विनाशुल्क. स्वच्छता राखणे आणि साथीच्या रोगाची खबर देणे ही मालकाच्या बांधिलकीतील कामे. बीड मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात होते.

पैशाचा प्रश्न पुढे आणला तो पटकीने. १८६६ च्या इस्तंबूल येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत हिंदुस्थानातील यात्रांकडे बोट दाखवले गेले. पुढच्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यातून साथ पसरली. १८७१ मध्ये बंगाल सरकारने जगन्नाथपुरीसाठी खास कायदा केला. आरोग्य अधिकारी घर पाहणार, किती यात्रेकरू राहू शकतील ते ठरवणार, त्या संख्येवर परवान्याचे शुल्क. जमा झालेला पैसा आरोग्याच्याच कामी लागे. तो अर्थातच शेवटी यात्रेकरूच्याच कनवटीतून निघे. पण निदान त्याच्याच वाटेवर खर्च होई.

स्वातंत्र्यानंतर १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात दुकान व हॉटेल चालवण्यावरील कर आला, यात्राकरही आला. धंद्यावरील कराला राज्यघटनेने वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. परवाना शुल्काला मात्र अशी आकड्यांची मर्यादा नाही. येथेच खरी मेख आहे.

कर राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, शुल्क मात्र सेवेच्या मोबदल्यात असते, असा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या शिरूर मठ खटल्यात केला. हा मठ कर्नाटकातील उडुपीचा, आपल्या शिरूरचा नव्हे! मग लॉजमालक विचारू लागले : आमच्या शुल्काच्या बदल्यात कोणती सेवा मिळते?

बीड १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच्या राजधानीतील हॉटेलचालकांनी महापालिकेच्या वाढीव परवाना शुल्काविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठले. १९९९ मध्ये ते हरले. शुल्क नियमनासाठी असेल तर सेवेचा मोबदला दाखवण्याची गरज नाही. ते अवाजवी नसावे, इतकेच न्यायालयाने बजावले.