वसईचे ख्रिस्ती कोळी व त्यांचे सण

वसईचा किल्ला पाहावयास पुष्कळ लोक जातात. परंतु भग्न देवळांमधून हिंडून बहुतेक तेथूनच परत फिरतात. किल्ल्यालगत, अगदीं समुद्रकांठीं, पाचूबंदर व कोळीवाडा वसले आहेत, तिकडे फारशीं कोणाचीं पावलें वळत नाहींत. आमच्या मतें वसईच्या धर्मेतिहासाचा जिवंत भाग तेथेंच आहे.

तेथें जाणाऱ्याच्या दृष्टीस (आणि खरें सांगावयाचें तर नाकासही) प्रथम पडतात ते बोंबील. बांबूंच्या वलांडीवर, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यांत अडकवून, जोडीजोडीनें ते उन्हांत वाळत असतात. हा मासा डोळीच्या जाळ्यांत सांपडतो. समुद्रांत रोवलेल्या खुंटांस जाळें बांधून त्याचें तोंड प्रवाहासमोर ठेवावयाचें व पाणी फिरण्यापूर्वीं तें ओढून घ्यावयाचें, अशी ती रीत आहे. म्हणून कोळ्याचा दिवस घड्याळावर नव्हे, चंद्रावर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास काम भरपूर. अष्टमीच्या सुमारास भांग लागला कीं प्रवाह मंद व जाळें हलकें. मिस्साची वेळ ठरवितांना हें न पाहणारा पाद्री लौकरच रिकाम्या बांकांपुढें प्रवचन करूं लागतो!

ह्या लोकांच्या श्रद्धेविषयीं एक आक्षेप वारंवार ऐकूं येतो, तो असा कीं, ती पोर्तुगीज सत्तेची केवळ उरलीसुरली छाया होय. आक्षेप इतिहासाच्या कसोटीस लावून पाहावा. २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. मागोमाग फ्रान्सिस्कन व येशूसंघीय धर्मगुरू आले. संत गोन्सालो गार्सिया वसईसच जन्मले, येथेंच शिकले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर प्राणार्पण करून ८ जून १८६२ रोजीं संतपदास पोंचले. हा त्या काळाचा गौरव. दुसरी बाजूही लपवूं नये. गोव्याच्या धर्मन्यायालयानें १७३६ साली नवख्रिस्ती लोकांच्या कित्येक देशी चालीरीतींवर बंदी घातली. विश्वास आणि वेष यांतील भेद त्या न्यायाधीशांस उमगला नाहीं, असें आम्हांस स्पष्ट वाटतें.

पुढें अवघ्या तीन वर्षांनीं, मे १७३९ मध्यें, चिमाजी अप्पांनीं वसई घेतली. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांस धर्माचरणाची मोकळीक तहांत होती; परंतु युरोपीय धर्मगुरू निघून गेले, मठ ओस पडले, घंटा विजयचिन्हें म्हणून देशावर गेल्या. त्यांपैकीं मेणवली व भीमाशंकर येथील घंटा आजही प्रसिद्ध आहेत. आतां गव्हर्नर नव्हता, सवलत नव्हती, धाकही नव्हता. श्रद्धा जर केवळ सत्तेची छाया असती, तर सत्तेबरोबरच ती नाहींशी झाली असती. तसें झालें नाहीं. गोमंतकीय देशी पाद्र्यांच्या आधारानें, आणि त्याहूनही अधिक घराघरांतील आयांच्या जपमाळेनें, ती टिकली.

आणि जुन्या चालीही टिकल्या. श्रावणी पौर्णिमेस ख्रिस्ती कोळीही समुद्रास नारळ अर्पण करतात. धर्मगुरू होड्यांस आशीर्वाद देतो, आणि हंगाम उघडतो. हें पाहून कांहीं सज्जनांच्या कपाळास आठ्या पडतात. आम्ही त्यांस इतकेंच विचारतों कीं, अन्न देणाऱ्या परमेश्वराचे आभार कोळ्यानें दुसऱ्या कोणत्या भाषेंत मानावे? दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६३ मध्यें उपासनेविषयींच्या आपल्या संविधानांत, अंधश्रद्धेशीं अविभाज्यपणें न जखडलेल्या लोकरीतींकडे सहानुभूतीनें पाहावें, असेंच सांगितलें आहे.

संत पेत्राचा सण २९ जूनला, म्हणजे भर पावसाळ्यांत येतो. त्या वेळीं होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, आणि पुरुष जाळीं विणीत, सांधीत घरीं असतात. धीवर प्रेषिताचा सण धीवरांच्या सक्तीच्या विश्रांतींत यावा, हा योग आम्हांस फार आवडतो. पण आतां जाळीं सांधणाऱ्या हातांत तरुण हात कमी दिसतात. मासळी घटली, डिझेल महागलें, आणि शिकलेलीं मुलें सकाळच्या गाडीनें मुंबईस नोकरीला जातात. त्यांस दोष कोण देणार? तरी पौर्णिमेस तीं रजा काढून बंदरावर येतात, आणि आजोबांच्या होडीवर आपल्या हातांनीं पताका बांधतात.