तीन मिनिटांची भैरवी

शिल्पकाराची मूर्ती त्याच्या पश्चात उभी राहते, कवीचे काव्य पोथीत टिकते. गवयाचा स्वर मात्र मैफलीबरोबरच विरून जातो. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँ १९४६ साली निवर्तले, तेव्हा त्यांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका मागे राहिली नाही. त्यांची विद्या उरली ती शिष्यांच्या कंठात.

त्या शिष्यांत अग्रगण्य होत्या सूरश्री केसरबाई केरकर. गोव्यातील केरी या गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला आणि १९२१ पासून त्यांनी खाँसाहेबांची तालीम घेतली. राग सावकाश उलगडत नेणारी, दमसासाची अशी ही गायकी. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर तिला जागा मिळे ती जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. केसरबाईंच्या काही तबकड्या निघाल्या खऱ्या. परंतु आपला सूर यंत्राच्या स्वाधीन करण्यास त्या सहसा राजी नसत. पुढे त्यांनी जाहीर गायन सोडले, आणि कालांतराने त्या ध्वनिमुद्रिकाही बाजारात दिसेनाशा झाल्या.

अशा वेळी त्या सुराचा शोध सुरू झाला तो सातासमुद्रापलीकडे. १९७७ साली अमेरिकेतून ‘व्हॉयेजर’ ही दोन याने अवकाशात जावयाची होती. त्यांच्यासोबत मानवजातीचे संगीत पाठविण्याकरिता सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी तयार होत होती. कार्ल सेगन हे त्या कार्याचे प्रमुख. संगीतशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंची भैरवी, ‘जात कहाँ हो’, आग्रहाने सुचविली. पण ती मिळेना. अखेर ॲन ड्रुयन यांना न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली ठेवलेल्या खोक्यात, तिच्या तीन प्रती सापडल्या.

२० ऑगस्टला ‘व्हॉयेजर-२’ व ५ सप्टेंबरला ‘व्हॉयेजर-१’ निघाले. अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाईंचे निधन झाले. २०१२ साली पहिल्या यानाने सौरवाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात प्रवेश केला. त्यासोबत ही भैरवीही गेली.

ज्या गायिकेने तासन् तास रंगविलेल्या मैफलींपैकी बहुतेक हवेतच विरल्या, तिची एवढी अल्प चीज ताऱ्यांच्या वाटेला लागावी, हा दैवयोग खरा. पण त्यात दैवाचा वाटा थोडा, जतन करणाऱ्याचा अधिक. ध्वनिमुद्रिका निघाली म्हणजे स्वर अमर झाला असे नव्हे. ती कोणीतरी फेकून न देता ठेवावी लागते. आपल्याकडील कित्येक घरांच्या माळ्यांवर आजही जुन्या तबकड्या धूळ खात पडलेल्या आहेत. त्या रद्दीत जाण्यापूर्वी कोणाचे तरी लक्ष तिकडे गेले, तर आणखी एखादा विरलेला सूर पुन्हा कानी पडेल.