जीपच्या पाट्यांची दुरुस्ती

जीपच्या पाट्यांची दुरुस्ती म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच्या, अर्थात जिच्या चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवता येते अशा गाडीच्या, पाट्यांची व त्यांच्या जोडणीची मालकाने किंवा चालकाने स्वतः केलेली तपासणी आणि बदली होय. पाटे, यू-बोल्ट, शॅकल, बुश आणि शॉक ॲब्सॉर्बर हे भाग तिच्या कक्षेत येतात. वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत काळ्या जमिनीतील पांदण रस्त्यांमुळे आणि मेळघाटातील घाटवाटांमुळे या कामाची गरज अधिक भासते. हे काम मुख्यतः नट-बोल्टांचे असल्याने साध्या हत्यारांनी करता येते. तथापि गाडी उचलून धरणे आणि यू-बोल्ट आवळणे या दोन टप्प्यांवर झालेली चूक जिवावर बेतू शकते.

रचना

कमानीसारख्या वाकवलेल्या, उतरत्या लांबीच्या पोलादी पट्ट्या एकीवर एक रचून पाट्यांचा संच तयार होतो. गॅरेजमध्ये संपूर्ण संचालाही ‘पाटा’ म्हणतात आणि त्यातील एकेका पट्टीलाही पाटाच म्हणतात. अर्थ संदर्भाने लावावा लागतो. सर्वांत लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. त्याची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात व त्यांत बुश बसतात. एक डोळा चासीला थेट जोडलेला असतो, तर दुसरा शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याने. धक्का बसला की कमान सपाट होऊन तिच्या टोकांमधील अंतर वाढते; त्या वाढीला वाव देण्याचे काम शॅकल करते. संचाच्या मधोमध आरपार गेलेल्या सेंटर बोल्टचे डोके ॲक्सलच्या बैठकीतील छिद्रात बसते. पाटे ॲक्सलला घट्ट आवळून धरतात ते मात्र यू-बोल्ट.

एकच जाड पाटा न वापरता अनेक पातळ पाटे का वापरतात, हा विद्यार्थ्यांना नेहमी पडणारा प्रश्न आहे. पाट्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा ताठरपणा आठपट वाढतो. तेवढ्याच जाडीच्या पाट्यांची संख्या दुप्पट केली तर तो केवळ दुप्पट होतो. पातळ पाटा न तुटता अधिक वाकू शकतो आणि संख्येमुळे वजनही पेलले जाते. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात तेव्हा हिंदोळ्यातील काही ऊर्जा खर्ची पडते. उरलेला हिंदोळा शमवणे हे शॉक ॲब्सॉर्बरचे काम आहे. गाडीचे वजन तो पेलत नाही. म्हणून गाडी बसली असता केवळ शॉक ॲब्सॉर्बर बदलून ती वर येत नाही.

पाटा धक्के झेलतो, तसाच ॲक्सलला जागेवरही धरून ठेवतो. ब्रेकचा जोर आणि चाकांचा रेटा त्याच्यामार्फतच चासीपर्यंत पोचतो. गुंडाळी स्प्रिंग व अखंड ॲक्सल असलेल्या गाडीत याच कामासाठी वेगळे दांडे बसवावे लागतात.

वऱ्हाडातील जीप

वऱ्हाडातील पारंपरिक बंडीला कमान नसते. चाकाखाली आलेला दगड थेट बसणाऱ्याच्या कण्याला कळतो. पाटे घोडागाड्यांतून मोटारीत आले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेल्या विलीज जीपला चारही चाकांवर पाटे होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि पुढे महिंद्रा अँड महिंद्रा या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. तिच्या वंशातील पुढच्या जीपगाड्या आणि १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी यांतही चारही बाजूंना पाटेच होते. २०१० च्या महिंद्रा थारमध्ये मागे पाटे राहिले, पण पुढे टॉर्शन बार आले. २०२० च्या नव्या थारमध्ये चारही चाकांवर गुंडाळी स्प्रिंगा आहेत. खेड्यापाड्यांतून प्रवासी वाहणाऱ्या काळी-पिवळी जीपगाड्या बहुधा दोनच चाकांना ताकद देणाऱ्या असतात, परंतु मागच्या पाट्यांची मूळ रचना तीच असल्याने पुढील बरेचसे विवेचन त्यांनाही लागू पडते.

काळी कापसाची जमीन पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावरील कच्चा रस्ता एका पातळीत टिकत नाही. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकण्याचा गिनीज विक्रम झाला. अशा महामार्गावरून शेताकडे उतरणारी पांदण मात्र पावसाळ्यात चाकोरीची आणि चिखलाचीच असते. अमरावती–नागपूर महामार्गावरील गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव आश्विनात, पावसाळा नुकताच सरलेला असताना भरतो. ओलसर पांदणीतून माणसांनी भरलेली जीप महामार्गावर येते आणि तेथे वेग घेते. पाट्यांची कच्ची बाजू उघड होते ती अशाच वेळी. आधीच्या महिन्यांत यू-बोल्ट तपासलेले नसतील, तर ते तपासण्याची वेळ महोत्सवानंतरची नसून आधीची आहे.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आणखी एक अडचण संभवते. तेथील खारट बोअरच्या पाण्याने गाडी धुतल्यास मीठ पाट्यांच्या फटींत राहते आणि गंज वाढवते. गंजलेल्या पृष्ठभागावरील बारीक खड्ड्यांतूनच पुढे भेगा सुरू होतात.

बिघाडाची सुरुवात

पाटा तुटला की दोष वजनाला किंवा खड्ड्याला दिला जातो. अनेकदा खरे कारण त्याआधी कित्येक दिवस ढिला पडलेला यू-बोल्ट असतो. यू-बोल्ट घट्ट असताना पाट्यांचा मधला भाग ॲक्सलशी एकजीव राहतो व वाकत नाही. तो सैल झाला की हा भागही वाकू लागतो, आणि सेंटर बोल्टच्या छिद्रामुळे पाटा नेमका तेथेच कमकुवत असतो. भेग छिद्रापासून निघते. दुसरीकडे, ब्रेकचा सगळा जोर सेंटर बोल्टच्या बोटाएवढ्या खिळ्यावर येतो. तो तुटला तर ॲक्सल एका बाजूने मागेपुढे सरकते, गाडी तिरकी चालते आणि जोरात ब्रेक मारल्यावर एका अंगाला ओढते.

ही लक्षणे जमिनीवर बसून, हत्याराशिवाय पाहता येतात. गाडी सपाट जागी रिकामी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे. टाकीतील इंधनामुळे थोडा फरक पडतो. तो वाढत चालला असेल तर पाटा बसला आहे. यू-बोल्टच्या नटाभोवती गंजाच्या ताज्या तांबूस रेघा दिसल्या किंवा पाट्यांच्या कडा एका रेषेत नसल्या, तर गाडी पुढे नेऊ नये. बुश झिजले असतील तर खड्ड्यातून जाताना ठोके ऐकू येतात. पुढच्या अखंड ॲक्सलच्या जीपमध्ये झिजलेले बुश, सैल शॅकल आणि स्टिअरिंगचे झिजलेले सांधे एकत्र आले की ठरावीक वेगाला पुढची चाके थरथरू लागतात. अशा वेळी केवळ स्टिअरिंगचा सांधा बदलून भागत नाही.

काम करण्याची पद्धत

फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी उचलताना साध्या मोटारीचे नियम पुरे पडत नाहीत. ट्रान्सफर केसचा दांडा न्यूट्रलमध्ये असेल, तर गिअर टाकलेला असूनही गाडी घरंगळते. विलीज व तिच्या वंशातील जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकांना नव्हे, तर ट्रान्सफर केसमागील शाफ्टला धरतो. मागचे एक चाक हवेत गेले की डिफरन्शियलमुळे ते चाक उलटे फिरू शकते आणि जमिनीवरचे चाक मोकळे होते. हँडब्रेक ओढलेला असतो, तरीही गाडी जॅकवरून सरकते. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून लाकडी पाचरी लावाव्यात. कच्च्या जमिनीत जॅकखाली रुंद, जाड फळी घ्यावी.

गाडीचा भार चासीखाली लावलेल्या भक्कम लोखंडी स्टँडवर द्यावा. एकट्या जॅकवर, विटांवर किंवा दगडांवर उभ्या गाडीखाली कोणत्याही सबबीवर शिरू नये. दाबाखाली वीट फुटण्याआधी सूचना देत नाही. दुसरा जॅक ॲक्सलखाली ठेवतात. त्याने ॲक्सल थोडी वरखाली करून पाट्यावरील ताण काढता येतो, आणि ॲक्सलचे वजन ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळत नाही.

शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवून मग यू-बोल्टचे नट काढतात. ते गंजलेले असल्यास आदल्या दिवशी तारेच्या ब्रशने आटे घासून तेल सोडून ठेवावे. पुढचे व मागचे डोळे सोडवताना पाटा अंगावर येऊ नये म्हणून तो दुसऱ्या माणसाने धरावा. पूर्ण संच एका माणसाने पेलण्याजोगा नसतो. पाटे सुटे करताना सेंटर बोल्टच्या दोन्ही बाजूंना मोठे शिकंजे लावून मगच त्याचा नट काढावा, अन्यथा दाबलेल्या कमानी उसळतात. प्रत्येक पाट्याचा क्रम आणि पुढची बाजू खडूने लिहून ठेवणे हे क्षुल्लक वाटते, पण सेंटर बोल्टचे छिद्र अनेक पाट्यांत बरोबर मध्यावर नसते. संच उलटा बसला तर ॲक्सल सरकलेलीच राहते.

एका बाजूचा थकलेला संच बदलताना त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूचाही बदलावा, नाहीतर गाडी कलते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा पूर्ण ताणलेल्या बोल्टची पकड पूर्वीसारखी राहत नाही. त्यांचे चार नट आलटून-पालटून, कोपऱ्यासमोरचा कोपरा याप्रमाणे, टप्प्याटप्प्याने आवळावेत आणि शेवटी उत्पादकाने सांगितलेल्या मापाने टॉर्क पान्याने तपासावेत. रबरी बुश असलेल्या डोळ्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच पूर्ण आवळायचे असतात. चाक हवेत असताना आवळल्यास, गाडी खाली येताच रबर पीळ खाऊन राहते व लवकर फाटते. नव्या गाडीसारख्या पाट्यांवरही हे काम दोन-चार महिन्यांत पुन्हा करावे लागण्याचे हे एक मोठे कारण आहे. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पाटे एकमेकांवर नीट बसतात व यू-बोल्ट किंचित सैल होतात, म्हणून ते पुन्हा आवळणे हा या कामाचाच भाग समजला पाहिजे.

घरी न करण्याची कामे

तुटलेल्या पाट्याला वेल्डिंग करू नये. पाट्याचे पोलाद तापवून तेलात विझवलेले आणि पुन्हा ठरावीक उष्णतेवर मुरवलेले असते. त्याची लवचीकता त्या प्रक्रियेत आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याशेजारची धातू ठिसूळ होते आणि पाटा तेथेच पुन्हा तुटतो. भट्टीत लाल करून कमान वाढवणे हेही याच कारणाने धोक्याचे आहे. थंड पाट्यावर ठोके देऊन कमान वाढवता येते, पण थकलेले पोलाद लवकरच पुन्हा बसते.

दाबलेली गुंडाळी स्प्रिंग किंवा पीळ दिलेला टॉर्शन बार सोडवणे हे वेगळ्या हत्यारांचे आणि अनुभवाचे काम आहे. पाट्यावर बेतलेला आत्मविश्वास येथे उपयोगी पडत नाही.

जास्त माल वाहण्यासाठी किंवा गाडी उंच करण्यासाठी जादा पाटा घालण्याची प्रथा आहे. त्याने रिकामी गाडी उसळते, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, आणि भारानुसार मागचा ब्रेक कमीजास्त करणारी झडप असलेल्या गाड्यांत ब्रेकचा समतोल बिघडतो. मूळ मापाचा पाटा बसवणे ही दुरुस्ती होय. उत्पादकाच्या मूळ तपशिलाबाहेर गाडीत बदल करण्यावर मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्बंध आहेत.

वाटेतील तात्पुरता उपाय

मेन पाटा वाटेत तुटल्यास चासी व ॲक्सल यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घालून तो साखळीने किंवा दोराने बांधतात व गाडी माणसे उतरवून चालण्याच्या वेगाने जवळच्या गावापर्यंत नेतात. काही संचांत दुसऱ्या पाट्याचे टोक मेन पाट्याच्या डोळ्याभोवती वळवलेले असते. डोळा तुटला तरी ॲक्सल निसटू नये, हा त्याचा उद्देश. मेळघाटच्या उतारावर मात्र असा ठोकळा लावून गाडी नेऊ नये.

जुने पाटे

निकामी पाटे भंगारात क्वचितच पडून राहतात. गावातील लोहार आणि फिरस्ते घिसाडी त्यांपासून विळे, कोयते, कुऱ्हाडी व खुरप्यांची पाती घडवतात. गाडीसाठी थकलेले हे पोलाद धार धरण्यासाठी अजून उत्तम असते, कारण घडवताना त्याला नव्याने पाणी देता येते.