पावसाने भिजलेल्या घरातील ओल आणि बुरशी : निर्णा परिसरातील घरांसाठी माहिती

निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद, आळंद या भागात दोन तऱ्हेची घरे शेजारी-शेजारी उभी आहेत. एक, दगड-मातीच्या जाड भिंतींची माळवदाची जुनी घरे. दुसरी, विटा-सिमेंटची स्लॅबची घरे. अनेकांकडे तर पुढच्या खोल्या नव्या आणि मागचे घर जुने असते. पावसाचे पाणी दोन्हींत शिरते, पण बाहेर पडण्याची त्याची वाट निराळी असते. ऑक्टोबर २०२० मध्ये अतिवृष्टी आणि धरणांतून सोडलेले पाणी यांमुळे भीमेला पूर आला आणि कलबुर्गी जिल्ह्यातील नदीकाठच्या अनेक गावांत पाणी शिरले. नदीपासून दूर असलेल्या गावांत मात्र बहुतेक घरे पुराने नव्हे, तर गळक्या छताने आणि पायातून चढणाऱ्या ओलीने भिजतात. पुढील माहिती दोन्ही प्रसंगी उपयोगी पडेल.

बुरशी का येते

बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत नेहमीच असतात. त्यांना ओल आणि खाद्य मिळाले की ते वाढतात. लाकूड, कागद, कापूस, भुसा, शेणाचे सारवण, भिंतीवरची धूळ, रंगातील डिंक हे सर्व त्यांचे खाद्य. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत सुकली, तर बहुधा बुरशी धरत नाही. म्हणून पहिले दोन दिवस महत्त्वाचे. बुरशी पुसली आणि ओल तशीच राहिली, तर ती पुन्हा येणारच.

भिंतीवर पांढरा थर दिसला की ती बुरशी असेलच असे नाही. थोडे पाणी लावून पाहावे. विरघळला आणि बोटाला खरखरीत लागला, तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. कापसासारखा किंवा मखमली थर आणि कुबट वास असेल, तर ती बुरशी. दोन्हींचे मूळ मात्र एकच, भिंतीतील पाणी.

घरात शिरण्यापूर्वी

पाणी भरलेल्या घरात आधी मेन स्विच बंद करावा. तो ओल्या जमिनीवर उभे राहून हाताळू नये, वायरमनला बोलवावे. दगड-मातीच्या घरात भिंत पोटाकडे फुगलेली, सांध्यांतून चिखल वाहिलेला, दाराची चौकट अडकू लागलेली किंवा तुळई भिंतीतून सरकलेली दिसली, तर आत झोपू नये. अशा भिंती पाऊस थांबल्यानंतरही कोसळतात.

माळवद गळते म्हणून दरवर्षी त्यावर नवी माती टाकण्याची रीत आहे. तिने वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळूनच हजारो माणसे दगावली. ते गाव आपल्यापासून फार दूर नाही. गळती थांबवायची तर आधी जुनी सैल माती काढावी, उतार नीट करावा, पन्हाळी मोकळ्या कराव्यात आणि मगच वरचा थर द्यावा.

नुकसानभरपाईसाठी पाहणी होणार असेल, तर साफसफाईपूर्वी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे आणि खराब झालेल्या वस्तूंचे फोटो घ्यावेत.

सुकवण्याचा क्रम

१. पाणी कोठून येते ते आधी शोधावे : पन्हाळ, स्लॅबची भेग, न्हाणीघराचा नळ, भिंतीलगत साचणारे अंगणातले पाणी.

२. गाद्या, पोती, कपाटे भिंतीपासून दूर सरकवावीत. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. बाहेर पाऊस चालू असेल, तर ओली हवा आत घेऊन उपयोग नाही. उघडीप मिळताच उघडावे.

३. बुरशी दिसत असलेल्या भिंतीवर पंख्याचा झोत सोडू नये. बीजाणू घरभर पसरतात. आधी सफाई, मग पंखा.

४. फुगलेला, पोकळ वाजणारा गिलावा काढून टाकावा. त्यामागे पाणी अडकलेले असते.

दीड-दोन फूट जाडीची भिंत वरून कोरडी दिसली तरी आत कित्येक महिने ओली राहते. तपासण्यासाठी हातभर प्लॅस्टिकचा कागद भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावावा आणि एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव साचले, तर भिंत अजून ओली आहे.

दसऱ्याची रंगरंगोटी

आपल्याकडे घटस्थापनेपूर्वी घर झाडून, सारवून, रंगवून घेण्याची प्रथा आहे. पण भाद्रपदातल्या पावसाने भिंती सर्वांत ओल्या असतात त्या नेमक्या याच दिवसांत. त्या वेळी ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावला, तर पाणी आत कोंडते; वर्षभरात पोपडे सुटतात आणि त्यांखाली बुरशी असते. सणाला भिंत पांढरी हवीच असेल, तर चुन्याची सफेदी द्यावी. चुन्यातून भिंतीची वाफ बाहेर पडते आणि त्याच्या तीव्र क्षारामुळे बुरशीची वाढही मंदावते. चुना विझवताना डोळे जपावेत. टिकाऊ रंग द्यायचा असेल, तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत भिंत सुकू द्यावी आणि वरची प्लॅस्टिकची तपासणी करून मगच द्यावा.

हीच गोष्ट गिलाव्याची. मातीच्या किंवा चुन्याच्या जुन्या भिंतीला ‘पक्के’ करण्यासाठी सिमेंटचा गिलावा केला, तर ओल बाहेर येऊ शकत नाही आणि भिंतीत वर चढत जाते. मातीच्या भिंतीला माती, चुन्याच्या भिंतीला चुना हा जुना नियम खर्चालाही कमी आहे. शहाबादी फरशी उभी करून भिंतीचा खालचा भाग झाकल्यानेही ओल जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

बुरशी साफ करताना

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा. कोरड्या ब्रशने खरवडू नये. आधी पाणी शिंपडून थर ओला करावा, मग साबणाच्या पाण्याने घासून, पुसून सुकवावे. ब्लीचिंगचे पाणी फरशी, टाइल, काच अशा कठीण पृष्ठभागांपुरते ठीक; माती, लाकूड, गिलावा यांत मुरलेल्या बुरशीपर्यंत ते पोहोचत नाही. ब्लीचिंगमध्ये अॅसिड किंवा संडास साफ करण्याचे द्रव्य कधीही मिसळू नये. विषारी वायू तयार होतो.

वाकळ, गोधडी, कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. दोन-तीन दिवस पुराच्या पाण्यात राहिलेली कापसाची गादी मात्र टाकून द्यावी.

दमा असलेली माणसे, लहान मुले, गरोदर स्त्रिया, प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी हे काम करू नये. २०२१ मध्ये कोविडनंतर ‘काळी बुरशी’ या नावाने गाजलेला म्युकरमायकोसिस हा आजार आणि भिंतीवरचे काळे डाग एक नव्हेत. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्या किंवा स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना झाला. तरीही अशा रुग्णांनी कोणत्याही बुरशीपासून दूर राहणेच बरे. भिंतीवरची बुरशी किती घातक आहे हे तिच्या रंगावरून ठरत नाही.

धान्य

ओल्या भिंतीला टेकलेली ज्वारी, तूर, मका, शेंगा यांची पोती आधी तपासावीत. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत पावसात भिजून बुरशी धरलेली ज्वारी व मका खाल्ल्याने लोकांना पोटदुखी आणि जुलाब झाले. त्या धान्यात फ्युमोनिसिन हे बुरशीचे विष आढळले. अशी विषे भाकरी भाजल्याने किंवा शिजवल्याने पुरती नष्ट होत नाहीत. बुरशीचे धान्य धुऊन खाऊ नये, जनावरांनाही घालू नये. पोती फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत.

जुने कागद आणि फोटो

आपल्या अनेक घरांत निजामाच्या काळातील उर्दू सनदा, मोडी खतपत्रे, पोथ्या आणि आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. घर पुन्हा बांधता येते, हे कागद पुन्हा मिळत नाहीत. भिजलेले कागद एकमेकांपासून ओढून सोडवू नयेत. उन्हातही घालू नयेत. कागद आकसतो, शाई उडते. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये कोरे कागद घालून ते बदलत राहावे. वर्तमानपत्र वापरू नये, त्याची शाई उतरते. गठ्ठा मोठा असून दोन दिवसांत सुकणार नसेल, तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावा. बुरशीची वाढ थांबते आणि पुढे सवडीने थोडे-थोडे सोडवता येतात. लॅमिनेशन करू नये. आत राहिलेली ओल कायमची कोंडली जाते.

पुढच्या मृगापूर्वी एवढे जरूर करावे : पन्हाळी साफ, अंगणाचा उतार भिंतीपासून बाहेर, कागदांची पेटी जमिनीपासून कमरेइतकी उंच, आणि त्यातील प्रत्येक कागदाचा मोबाइलवर एक स्वच्छ फोटो काढून तो गावाबाहेर राहणाऱ्या नातेवाइकाकडे पाठवलेला.