इंद्रियदमन (ख्रिस्ती जीवन)

इंद्रियदमन, संयमन किंवा आत्मसंयमन हा ख्रिस्ती नीतिविचारातील एक सद्गुण आहे. वासना, राग, जीभ आणि भय यांच्या आहारी न जाता मन जागे व स्वस्थ ठेवणे, असा त्याचा ढोबळ अर्थ होतो. नव्या करारात या गुणाची गणना पवित्र आत्म्याच्या फळांत केलेली आहे. त्यामुळे तो केवळ मनोनिग्रहाने मिळवायचा नसून कृपेने वाढणारा मानला जातो. तरीही त्यासाठी नित्य साधना करावी लागते, असे बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ मानतात. कृपा आणि प्रयत्न यांतील हा ताण या विषयाच्या मुळाशी आहे. महाराष्ट्रातील ख्रिस्ती परंपरेत तो काही ठळक व्यक्तींच्या चरित्रांतून विशेष स्पष्टपणे दिसतो.

शब्द व अर्थ

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत या कल्पनेसाठी प्रामुख्याने तीन शब्दकुळे येतात. 'एन्क्रातेइया' म्हणजे स्वतःवर सत्ता असणे. 'सोफ्रोसुने' म्हणजे शाबूत, समतोल बुद्धी. 'नेफालिओस' या तिसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ मद्याचा अंश नसलेला असा होता. पुढे तो शुद्धीवर असलेल्या, सावध मनुष्याला लावला जाऊ लागला.

मराठी बायबलच्या प्रचलित भाषांतरात या शब्दांसाठी एकच प्रतिशब्द ठरवलेला नाही. गलतीकरांस पत्रात 'इंद्रियदमन', तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात 'संयमन', तर मंडळीच्या अध्यक्षाचे गुण सांगताना 'नेमस्त' व 'स्वस्थचित्त' असे शब्द आढळतात. 'इंद्रियदमन' हा शब्द मराठी वाचकाला गीतेतील दम आणि योगशास्त्रातील निग्रह यांची आठवण करून देतो. मात्र 'एन्क्रातेइया'मध्ये इंद्रिये मारण्यापेक्षा ती ताब्यात ठेवण्यावर भर आहे. 'नेमस्त' शब्दाचे नशीब वेगळे निघाले. जहाल आणि नेमस्त अशी राजकीय जोडी रूढ झाल्यापासून, विशेषतः १९०७ च्या सुरत काँग्रेसनंतर, सामान्य वाचकाला त्यातून साधक न आठवता गोपाळ कृष्ण गोखले आठवतात.

बायबलमधील संदर्भ

जुन्या करारातील नीतिसूत्रे या ग्रंथात मनावर ताबा नसलेल्या मनुष्याला तट ढासळलेल्या नगराची उपमा दिली आहे (२५:२८). आपल्या मनावर सत्ता चालवणारा नगर जिंकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचेही तेथेच म्हटले आहे (१६:३२).

पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (९:२४-२७) खेळाडूचा दृष्टान्त येतो. करिंथजवळ इस्थमियन क्रीडा भरत असल्याने तो वाचकांच्या ओळखीचा होता. नाशवंत मुकुटासाठी खेळाडू जर आहारविहार आवरतो, तर अविनाशी मुकुटासाठी किती आवरावे, असा त्याचा युक्तिवाद आहे. याच उताऱ्याच्या शेवटी पौल स्वतः परीक्षेत न उतरण्याची भीती व्यक्त करतो. तेथील ग्रीक शब्द धातू किंवा नाणे पारखण्याच्या व्यवहारातला आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथील संत गोरोबाकाकांची कथा या ठिकाणी आठवते. संतमंडळींच्या डोक्यावर थापटी मारून त्यांनी पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते हे पारखले आणि नामदेवांना कच्चे ठरवले, असे परंपरा सांगते. दोन्हीकडे साधकाची पारख बाहेरच्या आघाताने होते. फरक इतकाच की पौल ती पारख स्वतःवरच लावून घेतो.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात (२४:२५) कैदेतील पौल सुभेदार फेलिक्सपुढे नीतिमत्त्व, इंद्रियदमन आणि भावी न्याय यांविषयी बोलतो व फेलिक्स भयभीत होतो. सत्ताधीशाला त्याच्या तोंडावर संयमाचा विषय ऐकवणारा हा प्रसंग आहे. संयम म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. पेत्राच्या पहिल्या पत्रात सावध राहण्याचा उपदेश तीनदा येतो. त्याचा संबंध प्रार्थना, आशा आणि छळ यांच्याशी आहे.

याला एक मर्यादाही घातलेली आहे. कलस्सैकरांस पत्रात (२:२०-२३) 'हे शिवू नको, ते चाखू नको' या धर्तीच्या नियमांवर व देहाला कष्ट देण्यावर टीका आहे. असे नियम ज्ञानाचे सोंग आणतात, पण वासनेला आवरत नाहीत, असे पौलाचे म्हणणे आहे.

साधनेच्या परंपरा

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी मनाच्या जागृतीला शास्त्राचे रूप दिले. एवाग्रिउस याने खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ कुविचारांची यादी केली. पश्चिमेकडे पुढे प्रचलित झालेली सात पातकांची यादी तिच्यावरूनच बेतलेली आहे. थॉमस अक्वायनसने ग्रीक तत्त्वज्ञानातील चार मुख्य सद्गुणांमध्ये मिताचरणाची मांडणी केली. प्रोटेस्टंट परंपरेत कॅल्व्हिनने आत्मत्यागाला ख्रिस्ती जीवनाचे सार म्हटले, तर जॉन वेस्लीने आठवड्याच्या उपवासाचा आग्रह धरला.

कॅथलिक चर्चच्या सध्याच्या नियमांनुसार राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार हे दोन दिवस उपवासाचे आहेत. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवास, तर १४ वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना मांसवर्ज्य पाळावे लागते. वसईच्या ख्रिस्ती गावांत उपवासकाळातील सहा-सात आठवडे हेच या साधनेचे ठरलेले पर्व असते.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. तेथील मठवासिनी सिस्टर जेरल्डिन यांना यात जुन्या जातीय अभिमानाचा अवशेष दिसला. हा वाद दोघींच्या प्रकाशित पत्रव्यवहारात आहे. खाण्यावरचा संयम केव्हा साधना ठरतो आणि केव्हा अहंकार, आणि ते ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा त्यामागचा खरा प्रश्न होता. रमाबाईंनी तो अधिकार आपल्या सद्सद्विवेकाकडेच ठेवला.

केडगावच्या मुक्ती सदनात १९०५ साली झालेल्या धार्मिक जागृतीने याची दुसरी बाजू पुढे आणली. मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करीत, रडत, पापकबुली देत. बाहेरच्या अनेकांना हा संयमाचा अभाव वाटला. रमाबाईंनी मात्र हे प्रकार बंद पाडले नाहीत. स्वस्थचित्तता म्हणजे युरोपीय उपासनेतील शांतता, हे समीकरण त्यांना मान्य नव्हते.

कवी नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे उदाहरण अधिक मानवी आहे. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामांच्या मार्गे आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भूमिका होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांचा तापट आणि लहरी स्वभाव, तसेच हातातला पैसा देऊन टाकण्याची सवय यांचे निःसंकोच चित्रण आहे. चरित्रवाङ्मयात भक्तांचे दोष बहुधा झाकले जातात; लक्ष्मीबाईंनी ते विनोदाने उघड केले आहेत. त्यामुळे संयमन ही एका बाप्तिस्म्यात हाती येणारी वस्तू नव्हे, हे या पुस्तकातून कोणत्याही उपदेशग्रंथापेक्षा अधिक पटते. पतीच्या रागाची आणि उदारपणाची किंमत घरातील स्त्री कशी मोजते, हेही त्यात दिसते. १९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करून सातारा येथे 'देवाचा दरबार' हा बंधुसंघ उभारला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात प्रवेश होता.

धाराशिव आणि २०२० चे साहित्य संमेलन

धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात ख्रिस्ती लोकसंख्या अत्यल्प आहे. तरीही अलीकडच्या काळात ख्रिस्ती संयमाचा सार्वजनिक कस या शहरातच लागला. येथे १० ते १२ जानेवारी २०२० या काळात ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४३-२०२४) होते. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि 'सुबोध बायबल'चे कर्ते म्हणून ते परिचित होते. या ग्रंथाला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता.

सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांची निवड जाहीर झाल्यावर, धर्मगुरू असल्याच्या कारणावरून काही संघटनांनी त्यांना विरोध केला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही संमेलनाला न जाण्याविषयी सांगण्यात आले. दिब्रिटोंनी कटू प्रत्युत्तर दिले नाही. मात्र अध्यक्षपदावरून समाजातील वाढत्या असहिष्णुतेबद्दल व हिंसेबद्दल ते स्पष्ट बोलले. महानोरही आले आणि त्यांनी उद्घाटन केले.

दिब्रिटोंच्या बाबतीत ही भूमिका नवी नव्हती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वसईतील बेबंद बांधकामांविरुद्ध उभ्या राहिलेल्या हरित वसई चळवळीचे नेतृत्व करताना त्यांनी अहिंसक मार्गाचाच आग्रह धरला होता. धर्मगुरूने रस्त्यावर उतरावे का, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता.