लघुपेशी फुप्फुस-कर्करोग

लघुपेशी फुप्फुस-कर्करोग : फुप्फुसाच्या मोठ्या श्वासनलिकांच्या आसपास, बहुधा छातीच्या मध्यभागी सुरू होणारा अतिशय वेगवान कर्करोग. दवाखान्यात याला सगळे ‘स्मॉल सेल’ म्हणतात. जगभरातील फुप्फुस-कर्करोगांपैकी साधारण १३ ते १५ टक्के या प्रकारचे असतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ४८९ रुग्णांच्या पाहणीत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या घरात होते. त्याच पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांनी आयुष्यात कधी धूम्रपान केले नव्हते. लघुपेशी प्रकाराला मात्र हे लागू होत नाही. याचे रुग्ण बहुतेक सगळे वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढलेले असतात.

महाराष्ट्रात हा आजार कमी दिसतो, त्याचे कारण तंबाखू खाण्याच्या सवयीत आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ तंबाखू, गुटखा, मिश्री अशा धूरविरहित रूपात घेत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाने वॉर्ड भरलेले असतात, ते यामुळे. उरलेल्या धूम्रपींमध्ये खेड्यातला वाटा विडीचा. विडी निरुपद्रवी, असे म्हणणारे आजही भेटतात. डॉ. डी. जे. जस्सावाला आणि जैन यांनी मुंबईतील रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून १९७९ मध्येच तो समज खोटा ठरला होता. तेंदूचे पान नीट जळत नाही; विडी विझू नये म्हणून ओढणारा जोरात आणि वरचेवर झुरके घेतो, आणि धूर खोलवर जातो.

पेशींचे स्वरूप : १९२६ मध्ये डब्ल्यू. जी. बर्नार्ड या ब्रिटिश विकृतिशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की छातीच्या मध्यभागातील ज्या गाठींना तोवर वेगळाच आजार समजत, त्या फुप्फुसाच्याच कर्करोगाच्या आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी लहान, जवळजवळ नुसत्या केंद्रकाच्या दिसतात. केंद्रके एकमेकांवर दाबून बसलेली असतात, आणि तुकडा काढताना जरा चिमटा लागला की चिरडून जातात. त्यामुळे कधी अहवाल ‘नमुना अपुरा’ म्हणून परत येतो आणि तुकडा पुन्हा काढावा लागतो. पेशीच्या वाढीला लगाम घालणारी टीपी-५३ आणि आरबी-१ ही दोन्ही जनुके यात जवळपास नेहमीच निकामी झालेली असतात. वाढ बेफाम असते ती त्यामुळे.

लक्षणे : खोकला, दम लागणे, थुंकीतून रक्त, वजन उतरणे ही नेहमीची. काही खुणा मात्र लघुपेशी प्रकारात विशेष आढळतात. मधली गाठ वरच्या महाशिरेवर दाबली की सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला दिसतो, सदऱ्याची कॉलर आवळते, छातीवर निळ्या शिरा उमटतात. या पेशी संप्रेरकेही तयार करतात. त्यांतल्या एकामुळे शरीरात पाणी साठून रक्तातील सोडियम घसरते आणि माणूस बरळू लागतो. घरचे ते वयावर ढकलतात. काही जणांच्या मांड्यांत जोर राहत नाही, उकिडवे बसल्यावर उठता येत नाही. छातीचा फोटो काढायच्या आधीच अशी तक्रार सुरू झालेली असू शकते.

निदान : जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थसारख्या गावातून विचार केला तर या आजाराची खरी अडचण कळते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हणजे आधी थुंकी तपासायची, हा क्षयरोग कार्यक्रमाचा नियम योग्यच आहे. पण थुंकीत जंतू सापडले नाहीत आणि फोटोत सावली दिसली, तरी टीबीच्या गोळ्या सुरू होतात. मग ‘कोर्स पुरा होऊ द्या’ म्हणत महिने जातात. लघुपेशीची गाठ काही आठवड्यांतच दुप्पट होऊ शकते. महिनाभराच्या औषधांनंतरही सावली वाढत असेल, विशेषतः विडी ओढणाऱ्यात, तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीने तुकडा तपासणी करायलाच हवी. त्यासाठी जालन्याहून पुढे छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. तेथील घाटी रुग्णालय १९५६ पासूनचे आहे, आणि २०१२ मध्ये सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालयही त्याच शहरात आहे.

आरोग्य तपासणी शिबिरे घेऊन हा आजार लवकर पकडता येईल, ही आशा फारशी खरी नाही. कमी मात्रेच्या सीटी स्कॅनने फुप्फुस-कर्करोगाचे मृत्यू घटतात, हे अमेरिकेतील मोठ्या चाचणीने २०११ मध्ये दाखवले; मात्र लघुपेशी प्रकार दोन स्कॅनच्या मधल्या काळातच वाढून पसरतो.

टप्पे व उपचार : रोग छातीच्या एकाच बाजूस, किरणोपचाराच्या एका क्षेत्रात मावेल एवढा असेल तर ‘मर्यादित’, नाहीतर ‘विस्तृत’, अशी विभागणी व्यवहारात वापरतात. सुमारे दोन तृतीयांश रुग्ण निदानाच्या वेळीच विस्तृत टप्प्यात असतात. शस्त्रक्रिया क्वचितच उपयोगी पडते.

केमोची (रसायनोपचाराची) मुख्य औषधे सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन आणि जोडीला इटोपोसाइड. दर २१ दिवसांनी एक, अशा चार ते सहा फेऱ्या दिल्या जातात. (इटोपोसाइडचे मूळ द्रव्य मेॲपल या वनस्पतीत सापडते, तिची जातभाई हिमालयात वनककडी म्हणून उगवते.) मर्यादित टप्प्यात केमोसोबतच छातीला किरणोपचार देतात, रुग्ण त्याला ‘लाईट’ किंवा ‘शेक’ म्हणतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टुरीसी यांच्या अभ्यासात दिवसातून दोनदा किरणोपचार घेतलेल्यांपैकी २६ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, एकदा घेतलेल्यांत १६ टक्के.

पहिल्या दोन फेऱ्यांतच गाठ विरघळते, दम ओसरतो, माणूस शेतावर चक्कर मारू लागतो. घरच्यांना वाटते, बरा झाला. पुढच्या फेऱ्या टळतात ते इथेच. डॉक्टरने ही सुधारणा किती काळ टिकेल ते आरंभीच सांगून ठेवले पाहिजे, कारण बहुतेकांत रोग वर्षा-दोन वर्षांत उलटतो. मेंदूत उतरण्याची त्याची खोड असल्याने काही रुग्णांच्या डोक्याला आधीच किरणोपचार देतात. विस्तृत टप्प्यातील आयुर्मान साधारण वर्षभराचे. २०१८ नंतर आलेल्या अटेझोलिझुमॅब, डुर्व्हालुमॅब या प्रतिकारशक्तीच्या औषधांनी त्यात सरासरी दोनएक महिन्यांची भर पडली. थोड्या रुग्णांना मात्र वर्षे मिळाली. या औषधांची किंमत शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. केमो आणि किरणोपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो. त्यासाठी रेशन कार्ड आणि आधार पहिल्या दिवशीच सोबत ठेवावे.

शेवटच्या काळात दम लागणे हा सर्वांत मोठा त्रास. मॉर्फिनच्या लहान मात्रेने तो कमी होतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने त्याच्या परवान्यांची कटकट हलकी केली, तरी ‘सवय लागेल’ या भीतीने नातेवाईक गोळी नाकारतात. दमाने रात्र रात्र बसून काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती भीती निराधार आहे.